शंभर यार्डांच्या आत

हँगर तापवायचं म्हणजे आदल्या दिवसापासून भट्टी पेटती ठेवायची. ते महिन्यात दोनदा करण्याइतकं वेड ट्वेटांच्या घरात अजून कोणाला लागलेलं नव्हतं. म्हणून बेर्गिट आत्याचं लग्न आणि शिकार सल्लागार समितीची बैठक एकाच शनिवारी, एकाच छपराखाली ठरली. बाहेर पारा उणे पस्तिसावर जाऊन बसला होता आणि त्याला तिथून उठायची घाई नव्हती. आत इंगाचं लहान विमान कोपऱ्यात सारून ठेवलं होतं. त्याच्या एका पंखावर कोणीतरी कागदी फुलांची माळ टाकली होती आणि दुसऱ्या पंखाला बैठकीची विषयपत्रिका चिकटवली होती.

"आधी लग्न," इंगाचे वडील हाल्वर्ड ट्वेट म्हणाले. समितीचे अध्यक्ष तेच. शिवाय धाकट्या बहिणीचं लग्न लावण्यासाठी कोर्टाकडून एका दिवसापुरता अधिकारही त्यांनीच मागवून घेतला होता. "लग्नात भांडणं कमी होतात. ते उरकलं की निवांत भांडू."

इंगा हंडा ढवळत होती. खोऱ्याचा रिवाज असा, की शरदात ज्याला एडका मिळेल त्याने त्याची मान समितीच्या हंड्यात द्यायची. मानेचं मांस चिवट. ते शिजायला दिवस जातो, आणि ते शिजेपर्यंत कोणी रागावून उठून जायचं नाही, हा त्यामागचा खरा हेतू. यंदा सबंध खोऱ्यात कोणाकडेच द्यायला मान नव्हती. पांढरी रानमेंढरं दरवर्षी कमी होत चालली होती, आणि शिंगाचा पुरा वेढा झालेला, म्हणजे कायद्याने मारता येईल असा एडका एकालाही दिसला नव्हता. हंड्यात मूसचं, म्हणजे रानातल्या थोराड हरणाचं, मांस होतं. ते केव्हाच शिजून मऊ झालं होतं, म्हणजे आता कोणीही कधीही उठून जायला मोकळा होता.

"इंगा, त्याला सांग, खुर्च्या भिंतीला लाव म्हणावं," टोबी म्हणाला.

तो म्हणजे रोल्फ. तीन फुटांवर उभा होता.

"इंगा, मास्तरांना सांग, मला ऐकू येतं."

"तुम्हा दोघांना सांगते," इंगा म्हणाली, "की हातात पळी आहे आणि ती गरम आहे."

दोघे भाऊ ऑगस्टपासून असेच बहिणीमार्फत बोलत होते. थोरला रोल्फ शिकाऱ्यांना डोंगरात नेणारा गाइड. वरच्या लॉस्ट केटल खोऱ्यात त्याचा तळ होता. त्यांच्या पणजोबांनी तिथे एक किटली हरवली, सरकारी मोजणीवाल्यांनी ते नकाशावर टाकलं, आणि तेव्हापासून त्या खोऱ्यावर ट्वेटांची मालकी आहे असं फक्त ट्वेटांना वाटत आलं होतं. धाकटा टोबी शाळेत मास्तर आणि समितीचा चिटणीस. अकरा हंगाम तो पायी डोंगर चढत होता आणि अकराही हंगाम रिकाम्या पाठीने उतरला होता. गेल्या ऑगस्टात एका एडक्याच्या मागे डोंगराच्या या अंगाने टोबी चढला आणि त्या अंगाने रोल्फ आपल्या टेक्सासच्या पाहुण्याला घेऊन चढला. माथ्यावर दोघे भाऊ समोरासमोर आले. एडक्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खिंडीपलीकडे निघून गेला. तो दुसऱ्याच्या वासाने गेला, यावर दोघांचंही एकमत होतं.

टेक्सासचा तो पाहुणा म्हणजे ल्यूथर हॅगर्टी. आजचा नवरदेवही तोच.

"आठ वर्षं गाइड केला, एडका मिळाला नाही," रोल्फ इंगाच्या कानाशी येऊन म्हणाला. "म्हणून आता बायको करतोय. कायदा पाठ आहे त्याला. परराज्यातल्या माणसाला मेंढरामागे जायचं तर गाइड हवा, नाहीतर इथे राहणारा जवळचा नातेवाईक. बाप, भाऊ, मेव्हणा. किंवा बायको."

"आत्या एकोणसत्तर वर्षांची आहे, रोल्फ."

"परवान्यावर वय लिहीत नाहीत." मग आवाज आणखी उतरवून म्हणाला, "ते जाऊ दे. संध्याकाळी तुझा हात कुणीकडे?"

हाच प्रश्न टोबीने सकाळी विमानाखाली गाठून विचारला होता. टोबीचा प्रस्ताव साधा होता: लॉस्ट केटलमध्ये परराज्यातल्यांनी सोडतीत नाव टाकावं, निघालं तर यावं. इथल्यांना पूर्वीसारखी मुभा. प्रस्ताव पुढे गेला तर रोल्फचा तळ उठला, कारण सोडतीच्या भरवशावर कोणी वर्षभर आधी गाइड ठरवत नाही. समिती सल्लाच द्यायची, ठरवायचं राज्याच्या मंडळाने. पण या खोऱ्यापुरतं मंडळ आजवर या हंड्याभोवतीच्या लोकांचं ऐकत आलं होतं. नऊ हात होते. आठ कोणीकडे जाणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. राहिली इंगा. रोल्फच्या पाहुण्यांना वर नेणारं विमान तिचं, आणि शहरातून येणाऱ्या राज्यातल्याच शिकाऱ्यांना वर नेणारं विमानही तेच.

"माझा हात हंड्यात आहे," इंगा म्हणाली.

तिला दोघांनाही सांगायची होती अशी एक गोष्ट जुलैपासून तिच्या घशाशी अडकून होती. सांगितली असती तर दोघेही तिच्याशी बोलायचे थांबले असते, म्हणजे दोघांशी बोलणारं मग घरात कोणीच उरलं नसतं.

*

हाल्वर्डना आयुष्यभर बैठकी चालवण्याचीच सवय. त्यांनी चष्मा लावला, हातोडी आपटली आणि बेर्गिट आत्याला म्हणाले, "तू याला नवरा म्हणून स्वीकारण्याचा प्रस्ताव मांडतेस?"

"मांडते," आत्या म्हणाली. तिच्या अंगावर निळा लोकरीचा झगा होता आणि पायांत कुत्री जुंपलेल्या बर्फगाडीमागे पळायचे बूट. चाळीस वर्षं तिने टपाल कचेरीच्या खिडकीत काढली होती. समोरच्याकडे पाकिटासारखं उलटसुलट करून पाहायची सवय तिची अजून गेली नव्हती.

"अनुमोदन?"

"माझं," ल्यूथर म्हणाला. ताडमाड माणूस, हातात टोपी, कान थंडीने लाल. तिकडे त्याच्या अक्रोडासारख्या कसल्याशा फळाच्या बागा होत्या. त्याने सगळ्यांसाठी पोतंभर आणलं होतं. ते विमानात गोठलं होतं आणि आता ते फोडायला हातोडी लागत होती, जी हाल्वर्डच्या हातात होती.

"बाजूने कोण?"

हँगरभर हात वर झाले. मुलांचेही झाले. अध्यक्षांनी ते खपवून घेतले.

"विरोधात?"

हे विचारायची काही गरज नव्हती, पण तोंडाला वळण पडलेलं. आणि शांततेत रोल्फचा हात वर गेला. पुरता, कोपर ताठ.

कोणी हसलं नाही. टोबीने वहीवरून मान वर केली.

"एक विरोध," हाल्वर्ड म्हणाले. "नोंद घे, टोबी. प्रस्ताव मंजूर. घ्या मुका."

आत्याने नवऱ्याचा मुका घेतला, मग वळून भाच्याला म्हणाली, "नेल्सशी माझं लग्न लागलं त्या वेळी तुझ्या बापाने हात वर केला होता. तुम्हा ट्वेटांची ही पद्धतच आहे."

*

केक कापला. ताटल्या मांडीवर घेऊन समिती बसली. हाल्वर्डनी पुन्हा हातोडी आपटली आणि तेच तोंड करून बैठक सुरू केली. टोबीने प्रस्ताव वाचला.

"एडके मी मारले नाहीत," रोल्फ उभा राहून म्हणाला. पहिल्यांदाच थेट भावाशी. "दोन हिवाळे बर्फावर पाऊस पडला. वर काच जमली. खुरांनी खरवडून खरवडून मेली ती मेंढरं, खालचं गवत नजरेला दिसत असताना. मी हंगामाला चार पाहुणे नेतो, आणि वेढा पुरा नसेल तर बंदूक खाली करायला लावतो. यालाच विचारा. याला आठ वर्षं लावतोय."

"खरं आहे," ल्यूथर म्हणाला. "सातदा लावली."

"पावसाने मारले ते कबूल," टोबी म्हणाला. "मग उरलेल्यांवर पहिला हक्क कोणाचा? जो इथे हिवाळा काढतो त्याचा, की जो ऑगस्टात विमानातून उतरतो त्याचा? माझ्या वर्गातल्या पोरांनी एडका पाहिलाय तो फक्त तुझ्या जाहिरातीत."

"आणि तुझे शहरातले दोस्त? ते इथे हिवाळा काढतात? राज्यातले म्हणून एकाच धारेवर तीन-तीन टोळ्या उतरतात. कोणाला कोणाचा पत्ता नाही. त्यांना आवरायला कोण आहे?"

"त्यांना आणतं कोण, ते इंगाला विचार."

सगळ्यांनी इंगाकडे पाहिलं. इंगाने मूसच्या तुकड्याकडे पाहिलं.

तेवढ्यात रोल्फचं डोकं चाललं. इंगाला ते त्याच्या मानेवरून कळलं. शिकार दिसली की त्याची मान अशीच पुढे यायची.

"माझी दुरुस्ती आहे. परराज्यातला तो परराज्यातला. गाइडबरोबर येवो, नाहीतर नात्याने येवो. नातेवाइकांची पळवाट बंद. तेही सोडतीत."

टोबीची पेन्सिल थांबली. त्याने नवरदेवाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"हे न्यायाला धरून आहे," तो सावकाश म्हणाला.

"आहे ना?"

"आहेच. मला आधी कसं सुचलं नाही?"

"तुला सुचायला वेळ लागतो. लहानपणापासून."

आणि सहा महिन्यांनी दोघे भाऊ एकमेकांकडे पाहून हसले. इंगाला आनंद व्हायला हवा होता. घर जुळत होतं. फक्त जुळण्यासाठी मधे कोणाला तरी ठेचावं लागत होतं, आणि तो माणूस केकची ताटली घेऊन विमानाच्या चाकाशी उभा होता.

"मी काही बोलू का?" ल्यूथरने विचारलं.

"तुम्हाला मत नाही," टोबी म्हणाला. "तुम्ही परराज्यातले."

"मला आहे," बेर्गिट आत्या म्हणाली.

ती उभी राहिली नाही. तिने ताटली बाजूला ठेवली, बस्स.

"त्याला एडका नकोय. त्याला नेमबाजी येत नाही, हे रोल्फने तुम्हाला सांगितलं नाही, कारण पाहुण्यांबद्दल तो बाहेर बोलत नाही. तेवढं त्याचं चांगलं आहे. नेल्सचं विमान सत्तावीस वर्षं वर पडून आहे. पिवळं. कड्याच्या खाली. नेल्सला तुम्ही खाली आणलंत, विमान राहिलं. मला ते एकदा पाहायचंय. दर उन्हाळ्यात मी विचारते. रोल्फ म्हणतो, तळावर पाहुणे आहेत. टोबी म्हणतो, आत्या, तुझे गुडघे. इंगा म्हणते, तिथे विमान उतरत नाही. पुढच्या वर्षी, आत्या. पुढच्या वर्षी."

भट्टी घुरघुरत होती.

"या घरात नुसतं चालायला आजवर कोणी डोंगर चढलाय? सांगा एकाचं नाव. वर जायचं तर शिकारीचं निमित्त लागतं. मग मी शिकारीचा कायदा वाचला. टपालात तो दरवर्षी यायचा, मी वाटायचे, वाचला कधी नव्हता. त्यात म्हटलंय, नातेवाइकाने शिकाऱ्याच्या शंभर यार्डांच्या आत असलं पाहिजे. म्हणजे माझ्यावाचून याला पाऊल टाकता येणार नाही. सत्तरीला आलेल्या बाईला वर बोलावणारा हा एकच कायदा निघाला. मी याला म्हटलं, लग्न करतोस का? हा म्हणाला, करतो, पण एडका दिसला तर मला मारायला लावू नकोस."

"पहिल्या नवऱ्याला भेटायला दुसरा नवरा केलास," हाल्वर्ड म्हणाले.

"हो. याला चालतं. तुला का चालू नये?"

"मी अध्यक्ष आहे. मला सगळं चालतं."

रोल्फ खाली बसला. टोबी वहीत काहीतरी खोडत होता, म्हणजे खोडण्यासारखं आधी काही लिहिलेलं नव्हतं तरी. दोघांनाही दुरुस्ती मागे घ्यायची होती आणि आधी कोणी बोलायचं एवढाच प्रश्न होता. आणखी घटकाभर इंगा गप्प बसली असती तर सगळं गोडीने मिटलं असतं. नातेवाइकांना मुभा राहिली असती, आत्या वर गेली असती, रोल्फचं आणि टोबीचं भांडण पुढच्या वर्षावर गेलं असतं. पुढच्या वर्षावर जायची या घराला सवयच होती.

"माझा प्रस्ताव आहे," इंगा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला विमानातल्या रेडिओवर ऐकावा तसा आला. "लॉस्ट केटलमध्ये पाच वर्षं कोणीच नाही. पाहुणे नाहीत, इथले नाहीत, नातेवाईक नाहीत. आपण नाही."

"काय?" दोघे भाऊ एकदम म्हणाले.

"जुलैत शिकार खात्याच्या बाईंना घेऊन मी मेंढरांच्या मोजणीला वर गेले होते. दिवसभर फिरलो. इंधन संपत आलं तरी त्या म्हणाल्या, अजून एक घिरटी, काहीतरी चुकतंय. काही चुकत नव्हतं. माद्या होत्या थोड्या. कोकरू एकीच्याही पायाशी नव्हतं. जिथे आपण लहानपणी बोटांवर मोजायचो आणि बोटं पुरायची नाहीत, त्या उतारावर नुसता दगड होता."

"एडके?" रोल्फने विचारलं.

इंगाने आत्याकडे पाहिलं. "एक. नेल्स आतोबांच्या विमानापाशी. पंखाच्या मोडक्या दांड्याला शिंग घासत उभा होता. पिवळा रंग शिंगाला लागलाय त्याच्या. वेढा पुरा नाही. या ऑगस्टात होईल."

"तू हे जुलैत पाहिलंस," टोबी म्हणाला, "आणि ऑगस्टात मला पायथ्याशी नेऊन सोडलंस?"

"सोडलं. रोल्फच्या पाहुण्यांनाही सोडलं. दोघेही माझीच गिऱ्हाइकं."

"तो माझा तळ आहे, इंगा," रोल्फ म्हणाला. ओरडला नाही. त्याने ओरडावं असं तिला वाटत होतं. "बाबांनी उभा केला. मला दुसरं काही येत नाही."

"ठाऊक आहे."

"पाच वर्षांनी मी कोणाला नेणार? आणि काय दाखवायला?"

"नाही थांबलो तर काय दाखवशील?"

"मतदान," हाल्वर्ड म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तळाच्या पहिल्या खांबासाठी खड्डा त्यांनीच खणला होता. "बाजूने?"

इंगाचा हात. खालच्या वस्तीवरच्या मच्छीमार जोडप्याचे दोन. शाळेच्या आचाऱ्याचा. चार.

"विरोधात?"

रोल्फ. टोबी. त्यांचे दोन जुने सोबती, एक रोल्फच्या बाजूचा, एक टोबीच्या, आणि आज प्रथमच एका ओळीत. चार.

आत्याचा हात मांडीवर होता.

"बेर्गिट," हाल्वर्ड म्हणाले, "तू राहिलीस. टोबी म्हणेल यात तुझा स्वार्थ आहे."

"मी काही म्हणत नाही," टोबी म्हणाला.

आत्याने इंगाला विचारलं, "घासत होता म्हणजे कसा? रागाने?"

"नाही, आत्या. खाज सुटल्यासारखा. सवयीने. रोज येत असावा."

"रोज," आत्या म्हणाली. तिने ल्यूथरकडे पाहिलं. ल्यूथरने टोपी छातीशी धरली आणि मान हलवली. मग तिने हात वर केला. खांदा दुखरा होता, म्हणून दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला, आणि टोबीने नोंद घेईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

"मंजूर," हाल्वर्ड म्हणाले. हातोडी मात्र आपटली नाही. ती हळूच टेबलावर ठेवली. "जेवून घ्या."

*

जेवणं झाली. मान नव्हती, तरी कोणी उठून गेलं नाही. इंगा रोल्फच्या दिशेला पाहायचं टाळत होती आणि म्हणून तिला तोच दिसत होता. लग्नाचा टाय त्याने सोडून खिशात कोंबला होता आणि मोठ्या दाराच्या झरोक्यातून तो बाहेरचा निळा उजेड पाहत होता.

आत्या वाडगं घेऊन त्याच्यापाशी गेली.

"ऑगस्टात काय करणार तू?"

"तू ठेवलंयस का काही करायला?"

"मग मला वर ने."

रोल्फ वळला. "कशाला? बंद केलंस ना? बंदूकच न्यायची नाही तर..."

"चालायला काही बंदी नाही. मी कायदा वाचलाय."

"बंदुकीशिवाय?" त्याने 'विजारीशिवाय?' असं विचारावं तसं विचारलं. "बंदुकीशिवाय वर जाऊन काय करतात?"

"चालतात. बघतात. खाली येतात."

रोल्फने तिच्या हातातलं वाडगं घेतलं. पंचविसाव्या वर्षापासून तो गाइड होता. "मला ते येत नाही, आत्या," तो म्हणाला, आणि त्यात थट्टा मुळीच नव्हती.

"मला येतं," मागून ल्यूथर म्हणाला. "मी आठ वर्षं तेच करतोय. दाखवीन तुम्हाला."

रोल्फने त्याच्याकडे पाहिलं. ओठाचा एक कोपरा हलला, पण पुरता नाही. त्याने वाडगं तोंडाला लावलं, संपवलं आणि म्हणाला, "कड्याखालची वाट उन्हं चढायच्या आत गाठावी लागते. तुमच्या त्या टोपीने भागायचं नाही, आतोबा."

तो शब्द हँगरमध्ये सगळ्यांनी ऐकला. टोबीने वहीत लिहिला नाही, पण पेन्सिल उचललेली इंगाने पाहिली.

नवं जोडपं निघालं तेव्हा धावपट्टीवर अजून थोडा उजेड होता. आत्या कोणासाठी थांबणारी नव्हती. ती तिच्या त्या बुटांनी बर्फ करकरवत पुढे निघाली. ल्यूथर दाराबाहेर पोत्याशी झटापट करत मागे राहिला. इंगा आणि रोल्फ दारात उभे होते, दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून. रोल्फचे डोळे सवयीने बारीक झाले, एक आत्यावर, एक ल्यूथरवर, मधलं अंतर मोजत.

"किती?" इंगाने विचारलं.

"नव्वद यार्ड," तो म्हणाला. मग ल्यूथरला ओरडला, "पोतं राहू द्या हो! आधी चला!"